उठून उभे राहण्याचे बळ

कल्याणच्या पुढे शहाड आणि आंबिवली ही स्थानके मागे टाकून कसाऱ्याकडे निघालेली गाडी टिटवाळ्याला थांबते, तेव्हा संकष्टीच्या दिवशी तिच्यातून उतरणाऱ्या गर्दीत साठी-सत्तरी ओलांडलेल्या स्त्रीपुरुषांचे प्रमाण डोळ्यांत भरण्यासारखे असते. महागणपतीच्या दर्शनाला निघालेल्या या मंडळींची भक्ती शाबूत असते, दृष्टी बहुधा चष्म्याच्या आधाराने का होईना ठीक असते, आणि बोलण्यातला उत्साह तर तरुणांना लाजवील असा असतो. परंतु स्थानकावरचा पूल चढताना एक हात कठड्यावर आणि दुसरा गुडघ्यावर टेकल्यावाचून त्यांचे पाऊल वर पडत नाही, आणि मंडपात क्षणभर मांडी घालून बसल्यावर पुन्हा उठायचे म्हटले की नातवाचा किंवा सुनेचा हात शोधावा लागतो. विचारपूस केली तर एकच उत्तर मिळते : ‘आता वय झालं, चालायचंच.’ हे उत्तर इतक्या समंजसपणे दिले जाते, की त्याची तपासणी करण्याची गरज कोणास वाटत नाही; आणि प्रस्तुत प्रकरणाचा सारा आग्रह असेल तर तो एवढाच, की ती तपासणी झाली पाहिजे, कारण वयाच्या खाती आपण डोळे झाकून जो खर्च टाकतो त्यातला बराचसा भाग वस्तुतः वयाचा नसतो; तो अन्नाचा, उन्हाचा आणि सुटलेल्या श्रमाचा असतो, आणि यथाकाल ध्यानात आला तर भरूनही काढता येतो.

वयाचा म्हणून जो खरा वाटा आहे तो नाकारण्याचे कारण नाही. मनुष्याचे स्नायू तिशीच्या सुमारास पूर्णत्वास पोचतात, पुढे काही वर्षे स्थिर राहतात, आणि पन्नाशीनंतर दरसाल सुमारे एक टक्का या गतीने त्यांचे द्रव्य घटत जाते. स्नायूंचे बळ तर त्यांच्या द्रव्यापेक्षाही वेगाने ओसरते. त्यातही झटकन आकुंचन पावणारे जे तंतू, ठेच लागली असता पडता पडता सावरण्यास जे उपयोगी पडतात, ते आधी क्षीण होतात. म्हणून वृद्ध मनुष्य सपाट रस्त्याने मैलभर सुखाने चालतो आणि घरातल्या उंबऱ्यावर अडखळून पडतो. या ऱ्हासाला ‘सार्कोपेनिया’ असे नाव मिळाले ते १९८०च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकन वैद्य अर्विन रोझेनबर्ग यांच्याकडून. पुढे त्याचे मापही ठरले. आशियाई तज्ज्ञांच्या मंडळाने २०१९ साली जी प्रमाणे मान्य केली, त्यांप्रमाणे हाताच्या पकडीचे बळ पुरुषात २८ किलोपेक्षा आणि स्त्रीत १८ किलोपेक्षा कमी भरले, अथवा दोन्ही हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठण्या-बसण्यास १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर दुर्बलतेचा संशय धरून पुढील चौकशी करावी. भारतातही २०१७-१८ साली देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची जी विस्तृत पाहणी हाती घेतली, तिच्यात प्रश्नोत्तरांबरोबर पकडीचे बळ मोजण्याचीही तजवीज होती. म्हातारपणाची तक्रार ही केवळ ऐकून घेण्याची बाब न राहता मोजण्याची बाब झाली, ही मला मोठी इष्टापत्ती वाटते.

आता जीवनसत्त्वांकडे वळू. या विषयाचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या मुंबईत, परळला लिहिला गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज वैद्यक संशोधक हाफकिन संस्थेत काम करण्यासाठी आली. गिरण्यांतून राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना एक विलक्षण पांडुरोग होत असे : रक्तातील तांबड्या पेशी संख्येने अल्प, पण आकाराने अवाजवी मोठ्या, आणि कित्येकींचा त्यात अंत होई. कोणा जंतूचा हा उपद्रव असावा अशी प्रथम शंका होती. विल्सबाईंनी मात्र या स्त्रिया खातात काय याची रुजवात घेतली, त्यांच्या निकृष्ट आहारासारखा आहार प्राण्यांना घालून पाहिला, आणि अखेर मार्माइट या नावाने विकल्या जाणाऱ्या, यीस्टपासून केलेल्या स्वस्त पदार्थाने हा पांडुरोग बरा होतो असे १९३१ साली प्रसिद्ध केले. याच्या अगोदर, १९२६ साली, बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी या वैद्यांनी दुसऱ्या एका मारक पांडुरोगावर भरपूर काळीज खाऊ घालण्याचा उपाय शोधला होता. दोन्ही रोगांतले रक्त सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसे. परंतु काळजाचा जो शुद्ध केलेला अर्क बोस्टनच्या रोग्यांना जीवदान देई तो मुंबईच्या स्त्रियांना लागू पडेना, आणि यावरून ही दोन वेगळी द्रव्ये असली पाहिजेत हे विल्सबाईंनी ओळखले. परळला हाती लागलेले द्रव्य म्हणजे आज आपण ज्याला फोलिक आम्ल म्हणतो ते. आणि काळजातले द्रव्य म्हणजे १९४८ साली लाल स्फटिकांच्या रूपाने वेगळे काढण्यात आलेले बी-१२.

हा इतिहास येथे सांगण्याचे प्रयोजन असे, की वृद्धाच्या पायातले बळ हरपण्याची एक वाट नेमकी या दोन द्रव्यांच्या सांध्यावरून जाते. बी-१२ उणे पडले की रक्त तर बिघडतेच, पण त्याहून घातक गोष्ट म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या ज्या मज्जातंतूंच्या योगाने पाय कोठे आहे याची जाणीव मेंदूला मिळते, त्यांचे आवरण झिजू लागते. प्रथम तळपायांना मुंग्या येतात. मग पायातली चप्पल केव्हा निसटली ते कळत नाही. अंधारात चालणे धोक्याचे होते. आणि सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. अशा मनुष्याला कोणी नुसते फोलिक आम्ल दिले तर रक्त सुधारते, चेहरा टवटवीत दिसू लागतो आणि घरची माणसे निश्चिंत होतात. मज्जातंतूंची हानी मात्र आतल्या आत चालूच राहते. म्हणून पांडुरता दिसली की औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणण्याचा जो रिवाज आपल्याकडे पडला आहे, तो या वयात तरी मोडला पाहिजे.

बी-१२ हे द्रव्य वनस्पती निर्माण करीतच नाहीत. ते सूक्ष्म जंतू निर्माण करतात, आणि ते आपल्यापर्यंत पोचते प्राण्यांच्या मार्गाने. प्रौढ मनुष्याची दैनिक गरज अवघी दोन-अडीच मायक्रोग्रॅम, आणि यकृतात त्याची शिल्लक काही वर्षे पुरेल इतकी असते, म्हणून तूट पडली तरी ती लवकर उघडकीस येत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातील, झोपडवस्तीतील आणि शहरी मध्यमवर्गातील मिळून ४४१ निरोगी पुरुषांचे रक्त तपासून २००६ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो महाराष्ट्राने अजून पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही असे मला वाटते : त्यांतील ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होते, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. हे पुरुष वृद्ध नव्हते, मध्यम वयाचे होते. ज्यांची शिल्लक भर वयातच तळाला गेलेली, त्यांच्या उतारवयात काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज बांधण्यास फारशा पांडित्याची आवश्यकता नाही.

कारण वार्धक्यात अडचण दुहेरी होते. अन्नातले बी-१२ प्रथिनांना चिकटलेले असते; ते सोडवण्यास जठरातले आम्ल लागते, आणि सोडवल्यावर आतड्यातून आत घेण्यास जठरानेच स्रवलेले एक विशिष्ट प्रथिन लागते. वाढत्या वयात कित्येकांच्या जठराचे अस्तर क्षीण होऊन आम्ल कमी पडते. त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेले मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीची रोज सकाळची गोळी यांची भर पडली म्हणजे ताटात असलेले द्रव्यसुद्धा रक्तापर्यंत पोचत नाही. यात दिलासा देणारी बाब ही, की औषधातले बी-१२ प्रथिनांना बांधलेले नसते, आणि मोठ्या मात्रेपैकी सुमारे एक टक्का भाग कोणाच्या मदतीवाचून आपोआप आत झिरपतो. त्यामुळे पुष्कळांचे काम सुईशिवाय, पोटात घेण्याच्या गोळीने भागते. सुई कोणाला लागेल आणि गोळी कोणाला पुरेल, हे मात्र वैद्याने रक्ताचा दाखला पाहून ठरवावयाचे.

टिटवाळ्याच्या पंचक्रोशीत दोन आहारपद्धती शेजारी शेजारी नांदतात. आगरी-कोळी घरांतून सुकट, बोंबील, निवट्या, तिसऱ्या यांचे कालवण पिढ्यान्‌पिढ्या शिजत आले. आणि शिंपल्यातून निघणाऱ्या तिसऱ्यांइतका बी-१२चा समृद्ध साठा दुसऱ्या क्वचितच एखाद्या पदार्थात सापडेल. उलट गणपतीच्या ओढीने अथवा मुंबईत जागा परवडेना म्हणून येथे स्थायिक झालेल्या शाकाहारी कुटुंबांतील वृद्धांचा सारा भार दुधावर आणि दह्या-ताकावर असतो. पावशेर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते, म्हणजे दोन मोठे पेले दूध किंवा त्या हिशेबाने दही रोज पोटात गेले तर गरज जेमतेम भागावी. परंतु प्रत्यक्षात आजीच्या वाट्याला येते ते चहात घातलेले पळीभर दूध, कारण पेलाभर दूध नातवंडांसाठी राखून ठेवण्याचा निर्णय तिने स्वतःच केलेला असतो. या त्यागाचे मोल मी कमी लेखीत नाही. पण तो ज्या कुटुंबासाठी केला जातो त्यानेच तो नम्रपणे नाकारावा, आणि पेला तिच्यापुढे ठेवून ती तो पिते की नाही हे पाहावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

उपवासाचेही तसेच. महिन्याची संकष्टी, एकादशी, कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, असे करता करता उतारवयात महिन्यातील सात-आठ दिवस उपवासाचे होतात, आणि त्या दिवशी पोटात जातो तो साबुदाणा, जो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्यात प्रथिन नाही म्हटले तरी चालेल, आणि जीवनसत्त्वांचाही तोच प्रकार. उपवास सोडा असे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. परंतु शास्त्राने आणि रूढीने ज्यांना मुभा दिली आहे अशा पदार्थांत राजगिरा आहे, शेंगदाणा आहे, दूध-दही आहे, रताळे आहे, केळे आहे. साबुदाण्याची खिचडी बाजूला सारून राजगिऱ्याची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी केली, शेवटी वाटीभर दही घेतले, तर व्रतही अभंग राहते आणि देहाची उपासमारही टळते.

दुसरे द्रव्य म्हणजे ड जीवनसत्त्व, आणि त्याची कथा अधिकच चमत्कारिक आहे. कारण ज्या देशात उन्हाचा कंटाळा येतो त्याच देशात त्याचा तुटवडा सर्वत्र आढळतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा एक अरुंद पट्टा कातडीवर पडला की कातडीतील एका स्निग्ध द्रव्यापासून हे तयार होऊ लागते, मग यकृतात आणि पुढे मूत्रपिंडात त्यावर संस्कार होऊन ते कामाचे बनते. ते कमी झाले की हाडे तर मऊ पडतातच, पण मांड्या, नितंब आणि खांदे यांचे मोठे स्नायू दुबळे होतात. जमिनीवरून उठणे, जिना चढणे, माळ्यावरचा डबा काढणे ही कामे आधी अवघड होतात, हातांची बोटे मात्र पूर्वीसारखीच चालत राहतात. टिटवाळ्याच्या पुलावर गुडघा दाबून चढणाऱ्यांपैकी काहींचे दुखणे सांध्याचे असेल. काहींचे नक्कीच हे असणार.

येथे एक रूढ समज दुरुस्त केला पाहिजे. सकाळचे कोवळे ऊन अंगावर घ्यावे असे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो. मनाला आणि सांध्यांना ते सुखाचे असेलही, पण उपयोगी किरण त्या वेळी तिरप्या मार्गाने येताना वातावरणातच बव्हंशी शोषले जातात. ज्या वेळी आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तीच वेळ कामाची. टिटवाळा उत्तर अक्षांश १९ अंशांच्या किंचित वर आहे; मेच्या मध्यास तेथे मध्यान्ही सावली पायाखालीच लुप्त होते, आणि ऐन डिसेंबरातसुद्धा दुपारी सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांवर असल्याने सावली उंचीहून आखूडच राहते. युरोपातल्या वृद्धांना हिवाळ्याचे कित्येक महिने हे सौभाग्य नाही. मात्र खिडकीच्या काचेतून हे किरण आत येत नाहीत, पावसाळ्याचे चार महिने ढगांचा अंमल असतो, सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा अधिक वेळ लागतो, आणि १९८५ साली झालेल्या तपासणीत असे दिसले, की ऐंशीच्या आसपासची कातडी तरुण कातडीच्या निम्म्याहूनही कमी द्रव्य तयार करते. साठ वर्षांवरील भारतीयांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला ८०० एकके ही जी शिफारस केली आहे, ती तारली-बांगड्यासारखे तेलकट मासे आणि अंड्याचा बलक सोडल्यास आपल्या अन्नातून भरून निघणे जवळपास अशक्य. म्हणून इमारतीच्या सातव्या मजल्यावर, गुडघ्यांमुळे खाली न उतरणाऱ्या, अंगभर लुगडे नेसणाऱ्या आजींना औषधाची गरज लागली तर त्यात नवल नाही.

पण औषधाचीही मर्यादा ओळखली पाहिजे. वर्षातून एकदा मोठी मात्रा घेतली की काम झाले, ही कल्पना सोयीची आहे, पण सदोष आहे. ऑस्ट्रेलियात सत्तर वर्षांवरील २,२५६ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वर्षाकाठी एकदम पाच लाख एकके घेणाऱ्या स्त्रिया औषध न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेळा पडल्या आणि त्यांची हाडेही अधिक मोडली. अमेरिकेत २५ हजारांहून अधिक लोकांना रोज दोन हजार एकके देऊन केलेल्या प्रयोगात, ज्यांना मुळात तूट नव्हती अशा सामान्य प्रौढांची हाडे मोडण्याचे प्रमाण त्याने घटले नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले म्हणजे धोरण स्पष्ट होते : तूट असेल तर ती नियमाने, बेताबेताने भरावी, नसेल तर केवळ बळ वाढावे म्हणून त्यामागे लागू नये.

इतर जीवनसत्त्वांची दखल थोडक्यात घेतो. भातावरचा कोंडा सडून टाकला की ब-१ जाते आणि पाय लुळे करणारा बेरीबेरी होतो, हे बटेव्हियात कोंबड्या पाळून आयकमनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाहिले. दक्षिण कोकणातल्या उकड्या तांदळात, भात सालीसकट उकडल्याने ते द्रव्य दाण्यात मुरते आणि वाचते, हे तेथील गृहिणींनी शास्त्राची वाट न पाहता आचरणात आणले होते. फोलिक आम्ल, क जीवनसत्त्व आणि अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य पुरवणाऱ्या पालेभाज्या तर टिटवाळ्याच्या दारात येतात. मृगाच्या आधी शेवळे आणि ती शिजवताना लागणारी काकडाची फळे, मग टाकळा, कुरडू, भारंगी, श्रावणाच्या सुमारास करटुली, अशा भाज्यांच्या टोपल्या घेऊन आसनगाव, खर्डी, कसाऱ्याकडच्या आदिवासी भगिनी पहाटेच्या गाडीने उतरतात, आणि मोठ्या बाजारात न मिळणारा पाला थोडक्या पैशांत देऊन जातात. तो आधी धुवावा आणि मग चिरावा, शिजवलेले पाणी टाकू नये, दात नसतील तर वरणात घोटून द्यावा. यांतल्या कोणत्याही पाल्यात बी-१२ नाही, एवढे मात्र विसरू नये.

आणि आता मुख्य गोष्ट. ही सारी द्रव्ये यथास्थित असली तरी ती स्वतः स्नायू घडवीत नाहीत. १९९० साली बोस्टनमध्ये मारिया फियातारोने यांनी एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा स्त्रीपुरुषांना आठ आठवडे मांडीचे वजन उचलण्याचे व्यायाम दिले, तेव्हा त्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. १९९४ साली त्यांनीच शंभर दुबळ्या वृद्धांवर, ज्यांचे सरासरी वय ८७ होते, प्रयोग वाढवला : काहींना व्यायाम, काहींना पोषक पेय, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. दहा आठवड्यांत व्यायाम करणाऱ्यांचे बळ ११३ टक्क्यांनी वाढले. नुसते पेय पिणाऱ्यांना त्याचा काही लाभ झाला नाही. टॉनिकच्या बाटल्यांवर आणि डब्यांवर पेन्शनीतला पैसा खर्चणाऱ्या घरांनी हा प्रयोग ध्यानी ठेवावा असे मला मनापासून वाटते. जीवनसत्त्वे अडथळा दूर करतात, प्रथिने माल पुरवतात, आणि बांधकाम होते ते श्रमाने. त्या प्रथिनांचा हिशेबही दिवसाला दर किलो वजनामागे एक ग्रॅम, किंवा त्याहून थोडा अधिक, असा धरावा. मूत्रपिंडाचे दुखणे असेल त्याने वैद्याला विचारून. रात्रीचा नुसता चहा आणि खारी, किंवा मऊ भात आणि लोणच्याची फोड, यांत तो बसत नाही. त्यात पिठले, उसळ, घट्ट वरण, अंडे, मासा किंवा दही यांपैकी काही तरी आले पाहिजे.

व्यायामाला आखाडा नको. भिंतीला टेकवलेली, हातांची पक्की खुर्ची पुरते. बैठक उंच व्हावी म्हणून आधी तिच्यावर उशी ठेवावी, हाताचा आधार घेऊन उठावे-बसावे, दिवसाआड दहा-दहाच्या दोन फेऱ्या कराव्यात. जमू लागले की आधार सोडावा, मग उशी काढावी. छातीत कळ आली, घेरी आली किंवा सांधा सुजला तर थांबावे. दोन महिन्यांनी, हात छातीशी बांधून, पाच उठबशांना किती सेकंद लागतात ते घरातल्या कोणी घड्याळ लावून मोजावे आणि वहीत तारखेसह टिपावे. आकडा घटलेला नसेल, तर बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर आणि थायरॉईड यांच्या तपासणीचे कागद व रोजच्या सर्व गोळ्यांची यादी घेऊन वैद्याकडे जावे.